कमी पटाची शाळा समूह शाळेत जाते तेव्हा: अंतर, शिक्षक, गाडी आणि दप्तराचा हिशेब

सह्यकडा

वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचा विषय दर काही वर्षांनी वर येतो आणि प्रत्येक वेळी चर्चा 'बंद करा' विरुद्ध 'बंद करू नका' एवढ्यावरच अडते. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांची यादी आली होती. २१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तांच्या पत्राने समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले. तेव्हाचा आकडा १४,७८३ शाळा, १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे एका शाळेत सरासरी साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. नमुना म्हणून पानशेत (जि. पुणे) आणि तोरणमाळ (जि. नंदुरबार) ही दोन नावं पुढे होती. या दोन वाटा एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत: पानशेतला मुलं गाडीने येतात आणि संध्याकाळी घरी जातात, तोरणमाळची शाळा निवासी आहे. प्रस्तावात नुसतं 'समूह शाळा' लिहिलं असेल तर या दोघांपैकी नक्की कोणती, हा पहिला प्रश्न.

हा धागा शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे. प्रस्ताव हातात आल्यावर काय मोजायचं, कुठे चूक होते, ते इथे जमवू या. मी अंतरापासून सुरुवात करतो.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर, असं चालत जायचं अंतर धरलेलं आहे. 'चालत जायचं' हे शब्द महत्त्वाचे, कारण कार्यालयात अंतर बहुतेकदा नकाशावर सरळ रेघ ओढून काढलं जातं. घाटमाथ्यावर समोरच्या टेपावरची वाडी रेघेने सातशे मीटरवर दिसते, पण दरीला वळसा घालून दोन-अडीच किलोमीटर पडते. म्हणून पायवाट प्रत्यक्ष मोजा. फोनमध्ये वाट नोंदवणारं कोणतंही अ‍ॅप चालू करा आणि पहिलीतल्या मुलासोबत, त्याच्या पाठीवर त्याचं दप्तर ठेवून, त्याच्या चालीने जा. सहा वर्षांचं मूल सपाटीवर तासाला तीनेक किलोमीटर चालतं, चढावर त्याहून कमी. मोजणी उन्हाळ्यात केली असेल तर जुलैत पुन्हा करा. मेमध्ये दगडांवर पाय ठेवून ओलांडता येणारा ओढा जुलैत गुडघ्याच्या वर असतो, आणि गुडघा मोठ्या माणसाचा धरला तर पहिलीच्या मुलाची ती कंबर होते.

वाटेवरच्या गोष्टी लिहून काढा: ओढे किती, त्यावर साकव आहे का, साकवाला कठडा आहे का, फळ्या कुजल्यात का, डांबरी रस्त्याला चालायला कडेची पट्टी आहे का, जंगलाचा पट्टा किती लांब. कागदावर ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांच्या सह्या घ्या. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या, त्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्वतःहून घेतली. ते अंतर किलोमीटरच्या रकान्यात कधीच नीट बसलं नसतं.

हिशेबनीस

चांगला धागा. अंतराइतकंच शिक्षकांचं गणित तपासा, कारण समूह शाळेचं सगळ्यात मोठं आश्वासन 'प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक' हे असतं आणि ते बऱ्याच ठिकाणी कागदावरच उतरत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीचं प्रमाण असं आहे: ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. दीडशेच्या वर पट गेला की वेगळा मुख्याध्यापक.

आता चार वाड्यांच्या शाळा घ्या, प्रत्येकी १२ मुलं. आज चार शाळांत मिळून आठ शिक्षक. एकत्र केल्यावर पट ४८, म्हणजे मंजूर पदं २. सहा शिक्षक अतिरिक्त ठरून समायोजनाच्या यादीत जातात. मुलांच्या बाजूने पाहिलं तर काल दोन शिक्षकांकडे बारा मुलं होती, आज दोन शिक्षकांकडे अठ्ठेचाळीस आहेत आणि वर्ग तेवढेच चार. बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एका शिक्षकाने एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळणं, संपलं नाही, फक्त गर्दी वाढली.

पहिली ते चौथीला वर्गाला एक शिक्षक हवा असेल तर एकत्रित पट किमान ९१ व्हायला हवा, पाचवीही असेल तर किमान १२१. बारा-बाराच्या शाळा असतील तर आठ ते अकरा शाळा एकत्र कराव्या लागतील. डोंगरी तालुक्यात इतक्या शाळा एक किलोमीटरच्या परिघात कुठे आहेत?

प्रस्तावात 'एकत्रीकरणानंतर मंजूर होणारी पदे' हा रकाना नसेल तर तो मागून घ्या. शिक्षक 'प्रतिनियुक्तीवर' ठेवू असं तोंडी सांगितलं जातं, पण पुढच्या संचमान्यतेत (पटाप्रमाणे शिक्षकपदं मंजूर करण्याच्या दरवर्षीच्या प्रक्रियेत) पद दिसलं नाही की प्रतिनियुक्तीही टिकत नाही.

खडू-फळा

हिशेब बरोबर आहे, पण मी दुसरी बाजू मांडते, कारण लहान शाळा आहे तशी ठेवण्यातही मुलांचं नुकसान होतं आणि ते बोललं जात नाही.

पट बारा म्हणजे वर्गवार काय असतं ते पाहा: पहिलीत दोन, दुसरीत एक, तिसरीत चार, चौथीत पाच. दुसरीतल्या त्या एकट्या मुलीला जोडीने वाचायला कुणी नाही. तिची चूक दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून सुधारायची संधी नाही. ती वर्षभर तिसरीच्या मुलांच्या मागे बसून राहते किंवा पहिलीच्या मुलांना अक्षरं दाखवत बसते. खो-खोला मैदानात नऊ खेळाडू लागतात, कबड्डीला सात. बारा मुलांत, त्यातही सहा ते दहा वर्षं वयाच्या, दोन संघ होत नाहीत.

दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की दुसऱ्याकडे चार वर्ग, पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती हे सगळं येतं. दुसऱ्याला ताप आला तर शाळेला कुलूप. एकशिक्षकी शाळेत हे रोजचंच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०१६-१७ ची आकडेवारी आहे: देशात १,०८,०१७ एकशिक्षकी शाळा, त्यातल्या ८५,७४३ प्राथमिक, आणि सरकारी प्राथमिक शाळांपैकी सुमारे २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुलं.

त्यामुळे 'वाडीतली शाळा आहे तशी राहू दे' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. राहायची असेल तर काय बदलून राहायची, तेही सांगा.

सह्यकडा

खडू-फळा ताई, मान्य. ज्या ठिकाणी विलीनीकरण बिनतक्रार करता येतं ते आधी बाजूला काढू. एकाच आवारात जिल्हा परिषदेची मुलांची शाळा आणि कन्याशाळा, दोन यु-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), दोन मुख्याध्यापक, मध्ये एक भिंत: हे एकत्र करायला कुणाची हरकत नसावी. मुलाच्या चालण्यात एक पाऊलही वाढत नाही. पट वाढून पदांचा टप्पा ओलांडला जातो का, एवढं बघायचं.

सहावी ते आठवीचंही वेगळं आहे. तिथे कायद्याला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा असे विषयवार शिक्षक अपेक्षित आहेत. तिन्ही वर्ग मिळून अकरा मुलं असतील तर विषयशिक्षक मिळत नाहीत. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यता निर्णयात या गटाला वीसचा उंबरा आला आणि त्याखाली पदच मंजूर होत नाही, यावरून शिक्षक संघटनांचा केवढा विरोध झाला ते आपण पाहिलं. बारा वर्षांचं मूल तीन किलोमीटर जाऊ शकतं, सायकल चालवू शकतं, एसटीत एकटं बसू शकतं.

माझं म्हणणं असं की पहिली ते चौथी वाडीत आणि सहावी ते आठवी एकत्र. दोन्ही गटांना एकच पटाची कात्री लावू नये. पाचवीचं अंतर बघून ठरवावं.

निळी_एसटी

वाहतुकीबद्दल. प्रस्तावात 'मोफत वाहतूक सुविधा पुरविण्यात येईल' हे एक वाक्य असतं. त्या वाक्याची किंमत काढू.

समग्र शिक्षा अभियान या केंद्राच्या योजनेत वाहतूक भत्त्याची मर्यादा एका मुलामागे वर्षाला ६,००० रुपये आहे. दहा महिने धरले तर महिन्याला ६००. एका वाडीतून १४ मुलं असतील तर महिन्याला ८,४०० रुपये.

समूह शाळा ९ किलोमीटरवर आहे असं समजा. जाऊन-येऊन १८, सकाळ-संध्याकाळ मिळून ३६ किलोमीटर रोज. महिन्याला २२ दिवस म्हणजे ७९२ किलोमीटर. घाटरस्त्यावर जीपने लिटरला १२ किलोमीटर दिले तर ६६ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर ५,९४० रुपये. उरले २,४६०. यात चालक, मदतनीस, विमा, टायर, दुरुस्ती आणि परवाना. कुणीही या पैशात गाडी चालवणार नाही. जो चालवेल तो दुसऱ्या दोन वाड्यांची मुलंही त्याच गाडीत भरेल. स्कूलबस नियमावली २०११ ची आहे. तिच्याप्रमाणे परवाना, वेगनियंत्रक, मदतनीस हे सगळं लागतं. काळ्या-पिवळ्या जीपला मागे लटकून जाणारी मुलं हा त्याच उरलेल्या २,४६० रुपयांचा परिणाम आहे.

दुसरी अडचण पैसे येण्याच्या वेळेची. गाडीवाल्याला दर महिन्याला डिझेल भरायचं असतं, भत्ता मुलाच्या खात्यावर हप्त्याने येतो. पहिले तीन महिने गाडी उधारीवर चालते, दिवाळीनंतर थांबते. म्हणून ठरावात लिहा: वाहतुकीचा करार पंचायत समितीने थेट वाहनधारकाशी करावा, पैसे दरमहा द्यावेत, आणि गाडी आली नाही तर पर्यायी गाडी कुणी द्यायची त्या अधिकाऱ्याचं पदनाम करारात असावं.

एसटीवर विसंबणार असाल तर हे माहीत असू द्या. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मुलींना पाचवीपासून मिळतो, पहिली ते चौथीला नाही. त्यांना विद्यार्थी सवलतीचा पास, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग भरावाच लागतो. मुलग्यांनाही तेच. मानव विकास कार्यक्रमाच्या, मुलींसाठीच्या निळ्या बस १२५ तालुक्यांत आहेत, पण त्यांच्या वेळा हायस्कूलच्या मुलींसाठी लावलेल्या असतात. फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरत नाहीत. हायस्कूलची गाडी साडेसहाला वाडीवरून गेली तर लहान मूल दोन तास शाळेच्या ओट्यावर बसणार. आगाराकडे वेळ बदलून मागायची तर शाळेचं पत्र, प्रवासी मुलांची यादी आणि ग्रामपंचायतीचा ठराव एकत्र द्या. एकटं पत्र पडून राहतं.

पोळपाट

सगळे शिक्षक आणि गाड्यांबद्दल लिहीत आहेत, मी स्वयंपाकघराबद्दल लिहिते.

पोषण आहारात २५ मुलांपर्यंत १ स्वयंपाकी-मदतनीस, २६ ते १०० ला २, पुढे दर शंभराला आणखी १. हिशेबनीस यांच्या उदाहरणातल्या चार शाळांत आज चार बायका काम करतात. पट ४८ झाला की दोघींचं काम जातं. या बहुतेक त्याच वाडीतल्या असतात, कित्येकदा एकट्या कमावत्या. उरलेल्या दोघी कुठल्या वाडीच्या, हे कुठेही लिहिलेलं नसतं. समूह शाळा ज्या गावात आहे तिथल्याच दोघी राहतात.

शाळेचं अनुदानही बघा. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००. चार शाळांना मिळून ४०,००० येत होते, आता २५,००० येतील. त्यातच वीजबिल, खडू, स्वच्छता. जुन्या चार इमारतींसाठी काहीच नाही.

आणि अंगणवाडी. तीन-चार वर्षांचं भावंड मोठ्या बहिणीच्या बोटाला धरून येतं, कारण अंगणवाडी शाळेच्याच आवारात असते. आई भाताच्या लावणीला पहाटे गेलेली असते. मोठी बहीण नऊ किलोमीटरवर जायला लागली की धाकट्याला सोडणारं कुणी राहत नाही. मग दोनपैकी एक होतं: धाकटा अंगणवाडीत जात नाही, किंवा बहीण शाळेत जात नाही. जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत बहुतेक वेळा दुसरंच.

पटावरची

पट मोजण्यातल्या चुकांबद्दल कुणी लिहिलेलं दिसत नाही. तुमची शाळा 'वीसच्या आत' खरंच आहे का, ते आधी तपासा.

संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि त्यातही आधार वैध झालेली मुलं मोजली जातात. नावातलं एक अक्षर, लिंग किंवा जन्मतारीख जुळली नाही की मूल वर्गात हजर असूनही 'अवैध' रकान्यात पडतं. हजेरीवर २२ आणि सरकारी ऑनलाइन प्रणालीवर १८ असं होतं आणि शाळा यादीत जाते. आदिवासी पाड्यांवर हे जास्त, कारण जन्मदाखलाच नसतो आणि आधारवर सगळ्यांची जन्मतारीख एक जानेवारी किंवा एक जून लागलेली असते.

दुरुस्तीचा क्रम उलटा करू नका. जनरल रजिस्टरमधली (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतली) नोंद मूळ धरा, तिच्याप्रमाणे आधार दुरुस्त करा, मग पोर्टलवर पुन्हा पडताळणी करा. आधारप्रमाणे शाळेची नोंद बदलत गेलात तर पुढे दाखल्यात गोंधळ होतो. आणि हे काम जुलैत करा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावरही रांग आणि पोर्टलही अडलेलं.

ऊसतोडीच्या गावांत ३० सप्टेंबरला पट भरलेला असतो, दिवाळीनंतर निम्मी मुलं फडावर जातात. तिथे उपाय हंगामी वसतिगृह आहे. शाळा हलवली तर गावात मागे राहिलेल्या आजी-आजोबांकडे मूल ठेवायचं कारणच संपतं, आणि मूल आईबापाबरोबर निघून जातं.

आणखी एक मुद्दा. नियमांत जो वीसचा आकडा येतो तो नवी शाळा स्थापन करताना परिसरात ६ ते ११ वयाची किमान वीस मुलं हवीत, असा आहे. चालू शाळा बंद करण्याचा निकष म्हणून तो तिथे लिहिलेला नाही. हरकतीत हा फरक स्पष्ट लिहा. त्याच नियमांत असंही आहे की लहान वस्तीजवळ शाळा नसेल तर मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय शासनाने करायची. 'करता येईल तर' असं तिथे म्हटलेलं नाही.

मिसिसिपीकाठ

अमेरिकेतल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या विलीनीकरणाचा अनुभव इथे उपयोगी पडेल, पण एक फरक आधी सांगतो. तिथे डिस्ट्रिक्ट म्हणजे स्वतंत्र निवडून आलेलं मंडळ, जे बहुतेक ठिकाणी घर-जमिनीवर कर लावतं आणि शिक्षक नेमतं. एका डिस्ट्रिक्टमध्ये एकच शाळाही असू शकते. १९३९-४० मध्ये अशी १,१७,१०८ डिस्ट्रिक्ट होती, आज साधारण तेरा हजार आहेत.

आर्कान्सात २००४ पासून असा कायदा आला की डिस्ट्रिक्टचा पट सलग दोन वर्षं ३५० च्या खाली राहिला तर त्याने जोडीदार शोधून विलीन व्हायचं, नाही तर राज्य मंडळ जोडी लावणार. सुरुवातीला आश्वासन होतं फक्त कारभार एकत्र करण्याचं. पण कारभार दुसऱ्या गावात गेल्यावर लहान गावाची मंडळातली मतं कमी झाली आणि पुढे इमारती बंद करण्याचे ठराव बहुमताने होऊ लागले. २०१५ मध्ये कायदा बदलून, आर्थिक आणि शैक्षणिक स्थिती ठीक असलेल्या लहान डिस्ट्रिक्टला सूट मागायची सोय केली गेली.

व्हरमाँटने २०१५ च्या अ‍ॅक्ट ४६ ने वेगळा रस्ता घेतला: किमान ९०० मुलांचं एक एकत्रित डिस्ट्रिक्ट हे उद्दिष्ट ठेवलं आणि स्वतःहून एकत्र येणाऱ्या गावांना काही वर्षं करात सवलत दिली. अनेक गावांनी विलीनीकरणाच्या करारातच कलम घातलं की आमच्या गावातली शाळा आमच्या गावाच्या मतदानाशिवाय बंद होणार नाही. ज्यांनी ते कलम घातलं नाही त्यांच्या हातात नंतर फारसं काही राहिलं नाही.

महाराष्ट्रात जिल्हा परिषद हा एकच मोठा कारभार आहे. म्हणजे तिथे जे विलीन करून पैसा वाचवायचा होता ते इथे आधीच विलीन आहे. इथे विलीन करायला उरते ती प्रत्यक्ष शाळा. त्यामुळे कारभारखर्चात बचत होते हा तिथला युक्तिवाद इथे लागू होत नाही.

खडू-फळा

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. आणि आपल्याकडे एकत्र येण्यासाठी रचनाही तयार आहे: केंद्र. राज्यात सुमारे ४,८६० केंद्रं आहेत, एका केंद्राखाली साधारण दहा-बारा शाळा. शाळासमूहाची कल्पना कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच मांडली होती, आणि २०२० च्या धोरणातही पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातल्या शाळांनी शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान वाटून वापरावं असं आहे. शाळा जागेवर ठेवूनही हे होतं.

मी वर विचारलं होतं की लहान शाळा काय बदलून राहायची. करता येण्यासारखं असं: आठवड्यातला एक ठरलेला दिवस, समजा शुक्रवार, चार वाड्यांची तिसरी-चौथीची मुलं केंद्रशाळेत. त्या दिवशी खेळ, चित्रकला, विज्ञानाचे प्रयोग आणि मोठ्या गटातलं वाचन. गाडी आठवड्यातून एकदाच लागते, म्हणजे निळी_एसटी यांच्या हिशेबातल्या २२ फेऱ्यांच्या जागी महिन्याला चार. पहिली-दुसरी वाडीतच. त्या दिवशी चार शाळांचे मिळून चार शिक्षक केंद्रात आणि चार वाडीवर. पावसाचे जुलै-ऑगस्ट सोडून द्यायचे.

वाडीवरच्या बहुवर्गात पहिली-दुसरी एका शिक्षकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. भाषा आणि गणिताचा तास दोन्ही खोल्यांत एकाच वेळी ठेवला तर तिसरीतलं कच्चं मूल त्या तासाला पहिली-दुसरीच्या खोलीत बसू शकतं, म्हणजे इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे गट पडतात. लहान शाळेत हे सोपं जातं. दुसरीतल्या एकट्या मुलीचा प्रश्न इथे बराचसा सुटतो. रजेसाठी मात्र केंद्रात एक फिरता शिक्षक हवाच. त्याचं पद मंजूर झालं तर कुलूप लागणाऱ्या शाळा पहिल्याच वर्षी कमी होतील.

दप्तरी

विलीनीकरणात सगळ्यात आधी हरवतं ते जुनं दप्तर, म्हणून स्वतंत्र लिहितो.

जनरल रजिस्टर क्रमांक एक. जाड पुठ्ठा, पाठीला कापड, आत आडव्या रेघांची मोठी पानं. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, सोडल्याची तारीख, कारण. जुन्या शाळांत पहिली काही पानं मोडीतही सापडतात. हे रजिस्टर म्हणजे गावाचा जातीचा आणि रहिवासाचा पुरावा. जातपडताळणीला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद लागते. धनगरवाड्यावरच्या आजोबांची एकमेव लेखी नोंद याच पानावर असते. शाळा बंद झाली, कपाट हललं, वाळवी लागली की तीन पिढ्यांची कागदपत्रं गेली.

हस्तांतराच्या आधी हे करा. प्रत्येक रजिस्टरची पानं मोजून शेवटच्या पानावर संख्या लिहा. प्रत्येक पानाचा फोटो दिवसाउजेडी, पान सपाट ठेवून, कडेचा अनुक्रमांक दिसेल असा घ्या. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पंचायत समितीत. हस्तांतराची यादी दोन प्रतींत, दोन्ही मुख्याध्यापकांच्या आणि विस्तार अधिकाऱ्यांच्या सह्यांसह. 'जुने दप्तर १ गठ्ठा' अशी नोंद स्वीकारू नका. रजिस्टरचा क्रमांक, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, पानं किती, असं सुटं लिहा. पुढे दाखला कोणत्या शाळेतून मिळेल हे गावात लेखी लावा.

जमिनीचाही सातबारा काढा. कित्येक शाळांची जागा गावातल्याच कुणी बक्षीसपत्राने दिलेली असते. शाळेसाठीच वापर करायचा अशी अट त्यात असेल तर इमारतीचं पुढे काय करायचं हे आधी ठरवावं लागेल. रिकामी इमारत दोन पावसाळ्यांत गळू लागते, मग निर्लेखनाचा (इमारत निकामी ठरवून पाडण्याचा) प्रस्ताव जातो, आणि निर्लेखन झालं की परत शाळा सुरू करायची चर्चाच संपते.

सह्यकडा

आता प्रक्रियेबद्दल, कारण दोन-तीन जणांनी खरडवहीत विचारलं.

व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असायला हव्यात. ही रचना बरोबर नसेल तर ठरावावरच हरकत येते, म्हणून आधी समिती तपासा. सभेची सूचना लेखी, सह्यांसह. ठरावात नुसता 'विरोध आहे' लिहू नका. मोजलेलं अंतर, वाटेतले ओढे, वैध-अवैध आधारसह पट, एकत्रीकरणानंतरची पदं, वाहतुकीचा खर्च, मागणी काय, असं क्रमाने लिहा. अटी मान्य झाल्या तर आम्ही काय स्वीकारू, तेही लिहा. सहावी ते आठवी देण्याची तयारी दाखवणाऱ्या ठरावाला सरसकट नकारापेक्षा जास्त वजन येतं.

प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या आणि तिन्ही ठिकाणी आवक क्रमांक घ्या. ग्रामसभेचा ठराव वेगळा घ्या; पेसा क्षेत्रात (अनुसूचित आदिवासी भागात) तर तो घ्याच. प्रस्तावाची मूळ फाइल, अंतर कसं काढलं त्या कागदासह, माहिती अधिकारात मागा: दहा रुपये, तीस दिवस. तक्रार शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. उत्तर प्रदेशात जून २०२५ च्या शाळा-जोडणी आदेशाविरुद्धची याचिका एकल पीठाने फेटाळली होती, पण सीतापूरपुरता खंडपीठाने २४ जुलैला 'जैसे थे' आदेश दिला. कागद नीट असले तर न्यायालयात ऐकून घेतलं जातं.

हिशेबनीस

एक भर. विलीनीकरण होणारच असेल तर पहिल्या वर्षी जुन्या शाळेचा यु-डायस क्रमांक बंद करू देऊ नका. सत्तावीसने सुरू होणारा तो अकरा अंकी क्रमांक 'बंद' म्हणून नोंदला की तीच शाळा पुन्हा उघडणं म्हणजे नव्या शाळेची परवानगी काढण्यासारखं होतं. जून ते ऑक्टोबर ही चाचणी मुदत लिहून घ्या. मुलांची जुलैची हजेरी मागच्या जुलैशी नावानिशी ताडून पाहा. सरासरी काढली तर वारंवार गैरहजर राहणारी दोन-तीन मुलं तीत झाकली जातात. मुलींची यादी वेगळी करा.

पटावरची

आणि ऑनलाइन बदली. जुनी शाळा मुलाला सोडते तेव्हा त्याची नोंद यु-डायस प्लस पोर्टलच्या ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) जाते. नव्या शाळेने कायम शैक्षणिक क्रमांक टाकून ते मूल आपल्याकडे ओढून घेतलं नाही तर मूल वर्गात बसलेलं असूनही कागदावर शाळाबाह्य राहतं, त्याची पुस्तकं, गणवेश आणि वाहतूक भत्ता यातलं काहीच निघत नाही. पालकांनी शाळा बदलण्याआधी हा क्रमांक गुणपत्रकावर लिहून घ्यावा. पंधरा दिवसांनी नव्या शाळेत जाऊन आपल्या मुलाचं नाव पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. वाडीतल्या सगळ्या मुलांची यादी एकाच पालकाने नेली तरी चालेल, नेताना जनरल रजिस्टरचा अनुक्रमांक प्रत्येक नावापुढे लिहिलेला असू द्या.